कार्डाचा नकार, पॉइंटांचा हिशेब आणि न आलेलं पार्सल

गेल्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी, आमच्या शेजारच्या वहिनी दारात रांगोळीसाठी गेरू लावत बसल्या होत्या. मोबाइल वाजला. संदेश होता, ‘तुमचं पार्सल पोहोचवण्यात आलं आहे.’ त्यांनी जिन्याकडे पाहिलं, खाली वॉचमनला हाक मारली. कोणीही आलं नव्हतं. डब्यांच्या व्यवसायासाठी त्यांनी सेलमध्ये मागवलेला मिक्सर कागदोपत्री पोहोचला होता आणि घरात नव्हता.

त्या माझ्याकडे आल्या त्या मिक्सरची चौकशी करायला. पण बोलता बोलता सगळी साखळी बाहेर आली. सेलमध्ये क्रेडिट कार्डावर दहा टक्के सूट होती, म्हणून कार्ड हवं होतं. कार्डासाठी एका महिन्यात तीन बँकांकडे अर्ज केले, तिन्ही नाकारले गेले. शेवटी एफडीवर कार्ड मिळालं. आठ हजारांचा मिक्सर ७,२०० ला पडला, वर पॉइंटही मिळणार होते. आणि आता मिक्सरच नाही. “जाऊ दे, माझंच नशीब,” असं म्हणून त्या उठायला लागल्या.

नशिबाचा इथे काही संबंध नाही. आमच्या सोसायटीच्या कार्यालयात शनिवारी संध्याकाळी मी बसते. लोक अशा तक्रारी घेऊन येतात आणि दहापैकी आठजणांकडे तारीख नसते. अर्ज कधी केला, फोनवर कोण बोललं, तक्रार क्रमांक काय, काहीच नाही. राग मात्र भरपूर असतो. नियम आज बऱ्यापैकी ग्राहकाच्या बाजूचे आहेत, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक नियम दिवस मोजतो. सात दिवस, तीस दिवस, अठ्ठेचाळीस तास. पहिला दिवस कोणता हेच सांगता आलं नाही, तर हक्क असूनही तो मागता येत नाही. म्हणून पुढचं वाचण्याआधी घरातली एक जुनी वही घ्या. तारीख, वेळ, कोणाशी काय बोलणं झालं आणि तक्रार क्रमांक, एवढंच त्यात लिहायचं.

आता अर्जापासून सुरुवात करू. कार्ड नाकारल्याचा एसएमएस साधारण एकाच साच्यातला असतो, ‘आमच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही.’ लोक तो वाचतात आणि दुसऱ्या बँकेकडे अर्ज करतात. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. प्रत्येक अर्जाच्या वेळी बँक तुमचा पतअहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद अहवालात राहते. महिनाभरात तीन-चार नोंदी झाल्या की पुढच्या बँकेला वाटतं, या माणसाला पैशांची घाई आहे. पतगुण कमी होतात, नकाराची शक्यता वाढते.

त्याऐवजी बँकेला ईमेल करा. अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवणं कार्ड देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांतच हे आहे. ‘अंतर्गत धोरण’ हे नेमकं कारण नव्हे, असं त्या पत्रात स्पष्ट लिहा.

दुसरं काम पतअहवाल पाहण्याचं. आपल्याकडे सिबिल हा शब्द रूढ झाला असला तरी पतअहवाल तयार करणाऱ्या कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच तो घ्या. ‘मोफत स्कोअर’ दाखवणारी अनेक ॲप तुमचा नंबर घेऊन पुढे कर्ज विकायला फोन करतात. ३०० ते ९०० मधला तो आकडा सगळे पाहतात, पण खरा मजकूर खाली असतो. कोणत्या कर्जाची काय स्थिती आहे, किती थकीत आहे, चौकशी कोणी कधी केली, हे एकेक ओळ लावून वाचा.

वहिनींच्या अहवालात अशाच एका ओळीत चूक निघाली. स्कूटरचं कर्ज त्यांनी केव्हाच फेडलं होतं, एनओसी कपाटात होती, पण अहवालात ते खातं अजून चालू होतं आणि ९४० रुपये थकीत दिसत होते. एका हप्त्याचा चेक परत गेल्याचं जुनं शुल्क. कर्ज देणाऱ्याने ते कधी मागितलं नाही आणि काढूनही टाकलं नाही. अशी चूक दिसली की पतकंपनीच्या संकेतस्थळावरच दुरुस्तीचा विनामूल्य अर्ज करता येतो. कर्ज देणाऱ्या संस्थेने २१ दिवसांत उत्तर द्यायचं आणि एकूण ३० दिवसांत तक्रार निकाली निघायची. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला देय होते. हा नियम २०२४ पासून लागू आहे आणि फारच थोड्यांना माहीत आहे. एनओसीची प्रत जोडा, अर्जाची तारीख वहीत लिहा.

उत्पन्नाचा पुरावा हे नकाराचं दुसरं मोठं कारण. घरगुती डबे, शिवणकाम, शिकवण्या यांतून नियमित पैसे मिळतात, पण विवरणपत्र भरलेलं नसतं. करपात्र उत्पन्न नसलं तरी दरवर्षी आयकर विवरणपत्र भरावं, असा माझा आग्रह असतो, कारण बँकेला दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो. तोवर एफडीवर मिळणारं कार्ड हा चांगला मार्ग आहे. लिमिट ठेवीच्या आसपास किंवा थोडं कमी असतं, ठेवीवर व्याज मिळत राहतं आणि वेळेवर भरलेल्या बिलांची नोंद अहवालात होत जाते.

उलट प्रकारही असतो. मॉलमध्ये किंवा स्टेशनबाहेर टेबल लावून बसलेला मुलगा ‘आजीवन मोफत’ म्हणून सही घेतो आणि वर्षभराने वार्षिक शुल्क लागतं. त्याच्या तोंडी शब्दाला किंमत नाही. अर्जाबरोबर शुल्क, व्याजदर वगैरे सांगणारं एक पानी माहितीपत्रक मिळायलाच हवं, त्यात ‘वार्षिक शुल्क’ या ओळीसमोर काय लिहिलंय ते पाहा. न मागता कार्ड घरी आलं तर ते चालू करू नका. दिल्यापासून तीस दिवसांत कार्ड चालू झालं नाही तर बँकेला ओटीपी घेऊन तुमची संमती विचारावी लागते. ती दिली नाही की सात कामकाजाच्या दिवसांत खातं विनाशुल्क बंद करावं लागतं. संमतीशिवाय दिलेल्या कार्डावर बिल आकारलं, तर ते रद्द करून त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून तुम्हाला द्यायची असते. आणि कार्ड बंद करायला सांगूनही बँक टाळाटाळ करत असेल, तर थकबाकी पूर्ण भरलेली असल्यास सात कामकाजाच्या दिवसांनंतर रोज ५०० रुपये. मात्र बंद करण्याचा अर्ज फोनवर करू नका, ईमेलने करा. बंद करण्याआधी साठलेले पॉइंट वापरून घ्या, नाहीतर ते जातात.

पॉइंटांबद्दल लोक भावनेने बोलतात, म्हणून इथे फक्त हिशेब मांडते. समजा, कार्डावर १०० रुपयांना दोन पॉइंट मिळतात आणि एका पॉइंटची किंमत २५ पैसे आहे. वहिनींच्या ७,२०० रुपयांवर १४४ पॉइंट झाले, म्हणजे ३६ रुपये. आता हेच बिल त्यांनी महिनाभर थकवलं असतं तर? दरमहा साडेतीन टक्क्यांनी २५२ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास ३०० रुपये. महिन्याला साडेतीन म्हणजे वर्षाला ४२ टक्के. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये थकीत कार्डावरच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. तेव्हा बिल पूर्ण भरायची खात्री नसेल त्या महिन्यात पॉइंटांचा विचारही करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

‘मिनिमम ड्यू’ या आकड्यापासून फार सांभाळा. तेवढी रक्कम भरली की फक्त उशिराचा दंड टळतो. उरलेल्या रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं, आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. शेजारच्याच इमारतीतल्या एका शिक्षकांनी वर्षभर दर महिन्याला मिनिमम ड्यू इमानाने भरला. आपण नियमित आहोत असंच त्यांना वाटत होतं. त्यांना दोष कसा द्यायचा? ॲपमध्ये तो आकडा मोठ्या अक्षरांत असतो.

ड्यू डेट चुकलीच तर घाबरून जाऊ नका. तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्यावरच खातं थकीत ठरवून दंड लावता येतो. आणि तो दंड उरलेल्या रकमेवर हवा, पूर्ण बिलावर नाही.

‘नो कॉस्ट ईएमआय’ घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. शून्य टक्के व्याजाच्या योजना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच अमान्य केल्या. तेव्हापासून व्याज लागतंच, तेवढी रक्कम वस्तूच्या किमतीतून आधी वजा केली जाते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्या बिलात येतो. शिवाय प्रक्रिया शुल्क असतं, तेही करासह. व्याज ५०० असेल तर जीएसटी ९० आणि प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर करासह ते जवळपास २३५. रोख घेतल्यावर दुकानदार किती कमी करतो, ते आधी विचारा.

स्वागताचे पॉइंट, कॅशबॅक, ‘अमुक दिवसांत अमुक खर्च केल्यास व्हाउचर’ अशा सवलतींत वाद होतो तो अपवादांवरून. घरभाडं, इंधन, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी भरणा हे खर्च बहुतेक कार्डांवर धरले जात नाहीत. कमाल मर्यादा असते, कूपन लावायचं असतं, किमान रकमेची अट असते. दोन वस्तूंवर मिळून सूट घेतली आणि एक परत केली, की सवलतीचा वाटा कापून रिफंड येतो. म्हणून खरेदीच्या दिवशीच सवलतीच्या अटींच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, तारीख दिसेल असा. दोन महिन्यांनी ते पान तिथे नसतं. कॅशबॅक कधी जमा होणार ती तारीख वहीत लिहा आणि त्या दिवशी स्टेटमेंट पाहा.

आता पार्सल. इथे थोडा पत्त्याचा विचार करू, कारण बऱ्याच घोटाळ्यांचं मूळ तिथेच असतं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाला. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी. सारख्या नावाची गावं, वेगवेगळ्या लिप्या, चुकीचे पत्ते यांवर त्यांनी सहा अंकांचा तोडगा काढला. ‘४’ हा पहिला अंक महाराष्ट्र आणि गोवा ज्या विभागात येतात त्या विभागाचा. पन्नास वर्षांनंतरही चूक तिथेच होते. आमच्या डोंबिवलीत पूर्वेच्या मुख्य भागाचा पिन ४२१२०१ आणि पश्चिमेचा ४२१२०२. एक अंक चुकला की पार्सल रुळांच्या पलीकडे जातं. त्यात ‘साईकृपा’ नावाच्या इमारती किती, मोजदाद नाही. पत्ता लिहिताना इमारतीचं नाव, विंग, मजला आणि रिक्षावाल्याला सांगाल ती खूण लिहा. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे, साधारण चार मीटर बाय चार मीटर जागेचा दहा अक्षरी सांकेतांक. खेड्यातल्या सुट्या घरांना आणि वाड्यावस्त्यांना त्याचा उपयोग होईल. पत्त्याच्या शेवटी तो लिहून ठेवायला हरकत नाही.

पार्सल हातात येण्याआधी ओटीपी सांगू नका. ‘मॅडम, खालीच आहे, ओटीपी द्या, ठेवून जातो,’ असं फोनवर कोणी म्हटलं तर वर यायला सांगा किंवा स्वतः खाली जा. एकदा ओटीपी दिला की कंपनीच्या लेखी वस्तू तुम्हाला मिळाली. महागाच्या वस्तूला ओपन बॉक्स डिलिव्हरीची सोय असेल तर ती घ्या. नसेल तर खोका फोडताना एकसलग व्हिडिओ काढा : आधी लेबल, मग चारही बाजू, मग चिकटपट्टी, मग आतली वस्तू. व्हिडिओ नाही म्हणून तक्रारच घेणार नाही, असं काही कंपन्या सांगतात. ग्राहक संरक्षणाच्या ई-कॉमर्स नियमांत अशी अट नाही. व्हिडिओ असला तर बाजू भक्कम होते, इतकंच.

डिलिव्हरी करणाऱ्या मुलांवर ओरडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पाठीवर पोतं घेऊन तो पोरगा उन्हात जिने चढतो. वेळेचं गणित त्याने ठरवलेलं नसतं. तक्रार कंपनीशी करा.

वस्तू न येता ‘पोहोचवली’ दाखवली, फुटकी आली किंवा भलतीच आली, तर त्याच दिवशी ॲपमधून तक्रार करा आणि क्रमांक लिहून घ्या. चॅटवर तोच तोच मजकूर येत राहतो, त्यात दिवस घालवू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत तो सापडतो. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची. सदोष वस्तू, जाहिरातीपेक्षा वेगळी वस्तू, किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आलेली वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. अपवाद फक्त पूर, वादळ यांसारख्या आपत्तीमुळे झालेल्या उशिराचा. वहिनींनी लिहिलेलं पत्र असं होतं :

‘माझ्या ऑर्डरमधला मिक्सर १७ ऑक्टोबर रोजी दुपारी २.१० वाजता पोहोचवल्याचा संदेश आला. वस्तू मला मिळालेली नाही. मी ओटीपी दिलेला नाही, कोणाची सही झालेली नाही. पोहोचवल्याचा पुरावा, म्हणजे सही, छायाचित्र आणि ओटीपीची नोंद, मला पाठवावा. तो नसल्यास ७,२०० रुपये मूळ कार्डावर परत करावेत. ॲपमधील तक्रार क्रमांक सोबत दिला आहे.’

एवढंच. मनस्ताप, शिव्या, जुन्या खरेदीचा इतिहास यातलं काही नाही. काय घडलं, कधी घडलं, काय हवं. ‘मूळ कार्डावर’ हे शब्द मुद्दाम घातले, कारण रिफंड वॉलेटमध्ये टाकून ग्राहकाला पुन्हा तिथेच खरेदी करायला लावण्याची पद्धत आहे.

त्याच दिवशी बँकेलाही कळवायचं असतं, आणि नेमकं तेच लोक विसरतात. कार्डाने पैसे भरले आणि वस्तू आली नाही तर बँकेकडे डिस्प्यूट नोंदवता येतो. बँक कार्डाच्या नेटवर्कमार्फत दुकानदाराच्या बँकेकडून पैसे परत मागते. यालाच चार्जबॅक म्हणतात. याला मुदत असते, म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. बिलाबद्दल तक्रार केली की ३० दिवसांत बँकेला स्पष्टीकरण द्यावं लागतं. ही सोय हेच माझ्या मते ऑनलाइन खरेदीत कार्ड वापरण्याचं सर्वांत मोठं कारण आहे, पॉइंट नव्हे. पैसे कापले गेले पण ऑर्डरच झाली नाही, अशा वेळी पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. पुढे रोज १०० रुपये भरपाई.

ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. शोधात वर दिसणारे कित्येक नंबर भामट्यांचे असतात. रिफंड मिळवायला निघालेला माणूस तिथे आहे तेही घालवून बसतो. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे असतो, कंपनीचा तिच्या ॲपमध्ये. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कार्ड बंद करायला सांगा. तिथे तास मोलाचे असतात.

पैसे भरण्याआधी कार्ट पुन्हा एकदा वाचा. विमा, देणगी, सभासदत्व आपोआप घुसडणं, ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई दाखवणं, असे तेरा प्रकार केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये गैर ठरवले आहेत. दिसलं तर स्क्रीनशॉट काढून कळवा.

कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, तिला आदेश देता येत नाही. पण तक्रार तिच्यामार्फत कंपनीच्या जबाबदार माणसापर्यंत जाते आणि बरीच प्रकरणं तिथे मिटतात. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८. आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल होते. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची.

१९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली तेव्हा यातला एकही कायदा नव्हता, पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. आधीच्या माणसांनी एकेक तक्रार लिहून हे हक्क मिळवले आहेत. ‘जाऊ दे’ म्हणताना त्यांची आठवण ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

वहिनींचे ७,२०० रुपये ५ नोव्हेंबरला, म्हणजे एकोणिसाव्या दिवशी, कार्डावर परत आले. कंपनीला सही, छायाचित्र, ओटीपी यातलं काहीच दाखवता आलं नाही. स्कूटरच्या कर्जाची नोंदही दुरुस्त झाली. तुमचंही असं एखादं पार्सल, एखादा रिफंड अडकला असेल, तर हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तिथे मराठीत बोलता येतं. ऑर्डर क्रमांक आणि तारीख समोर ठेवून आजच फोन लावा.